जमीन थांबली तरी अंग का हलतं? : मानसोपचारात शरीराचं काम



आजच्या विषयाचं नाव जरा जड आहे : मानसोपचारात शरीराची जाण आणि हालचाल. नाव ऐकून काहींना वाटेल की योगासनांचा वर्ग आहे, काहींना वाटेल हे पुण्या-मुंबईकडचं काहीतरी नवीन आहे. म्हणून सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करू या.

२१ मार्च २०२४. सकाळचे सहा वाजून आठ मिनिटं. हिंगोली जिल्ह्यात जमीन हलली. तीव्रता ४.५. लोक घराबाहेर आले, काय झालं ते एकमेकांना विचारतायत, तोवर दहा-अकरा मिनिटांत दुसरा धक्का, ३.६ चा. नांदेड, परभणीकडेही तो दिवस लोकांच्या लक्षात आहे. मग १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५. आणि वसमत तालुक्यातलं पांगरा शिंदे तर जमिनीतून येणाऱ्या आवाजांमुळे कित्येक वर्षं बातम्यांमध्ये आहे.

धक्का असतो काही सेकंदांचा. पण त्यानंतर आठवडे, महिने लोक काय सांगतात? ट्रक गेला तरी छातीत धस्स होतं. पत्र्यावर मांजर उडी मारली की उठून बसतो. खाटेवर पडलं की खाट हलल्यासारखी वाटते. पोरं म्हणतात, आजी, काही हललं नाही. पण अंग ऐकत नाही.

आजचा सगळा विषय या ‘अंग ऐकत नाही’मध्ये आहे. आम्ही समुपदेशन करणारी माणसं बोलून बोलून मन समजावतो. ते गरजेचंच आहे. पण ज्या भीतीचं घर अंगात आहे, तिला नुसत्या शब्दांनी बाहेर काढता येत नाही. तिथे शरीरालाच कामाला लावावं लागतं. कसं, आणि कुठे थांबायचं, एवढंच आज सांगायचं आहे.

भाषेला हे आधीपासून माहीत आहे

आपली मराठी बघा. भीती वाटली की पोटात गोळा येतो. वाईट बातमी कळली की हातपाय गळतात. दुःखानं ऊर भरून येतो, घशाशी आवंढा येतो. काळजीनं जीव टांगणीला लागतो. अपमानानं कानशिलं तापतात. यातला एकही शब्द मानसशास्त्राच्या पुस्तकातला नाही, पण प्रत्येक भावनेचा अंगातला पत्ता त्यात आहे.

जुन्या शास्त्रांनीही हे टिपून ठेवलंय. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. म्हणजे जागच्या जागी थिजणं, घाम, अंगावर काटा, आवाज फुटणं, कंप, रंग उतरणं, डोळ्यांत पाणी आणि शुद्ध हरपणं. घाबरलेल्या माणसाची आजची वैद्यकीय नोंद काढली तर ती याहून फार वेगळी निघणार नाही.

दवाखान्यातही हेच दिसतं. आपल्याकडे क्वचितच कुणी येऊन म्हणतं की मला नैराश्य आलंय. माणूस म्हणतो, अंग दुखतंय, डोकं जड आहे, जीव घाबरा होतोय, कसंतरीच होतंय. मग रक्त तपासलं जातं, ईसीजी निघतो, सगळं नॉर्मल येतं. आणि घरी सांगितलं जातं : ‘काही नाही, मनाचं आहे.’ त्या माणसाला ते कसं लागतं बघा. त्याची धडधड खरी असते. घाम खरा असतो. ‘मनाचं आहे’ या शब्दांत आपण त्याला जवळपास खोटं ठरवतो.

अंगात नेमकं काय होतं?

धोका दिसला की मेंदू विचार पूर्ण व्हायची वाट बघत नाही. अॅड्रेनॅलिन सुटतं, हृदय जोरात चालतं, श्वास वाढतो, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं. पळायचं किंवा झुंजायचं याची ही तयारी. काही वेळा दोन्ही शक्य नसतं, तेव्हा माणूस थिजतो. आपल्या भाषेत, पाय जमिनीत रुततात.

आता समजा धोका नव्हताच, फक्त ट्रक गेला. तरी तयारी पूर्ण झालेली असते. पळायला कुठे नाही, मारायला कुणी नाही. माणूस खाटेवर बसलेला आणि अंग शर्यतीला उभं. श्वास जोरात चालत राहतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यानं बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, गरगरतं. आता हे गरगरणं कुणाला काय वाटेल? ज्यानं नुकताच भूकंप अनुभवला आहे त्याला वाटेल, पुन्हा हललं. या विचारानं भीती वाढते, श्वास आणखी वाढतो, गरगर आणखी वाढते. चक्र सुरू.

ऑक्सफर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये पॅनिकचं असंच चक्र मांडलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. अंगातल्या संवेदनेचा आपण भयंकर अर्थ लावतो, आणि तो अर्थच संवेदना वाढवतो. धडधड झाली म्हणजे हार्ट अॅटॅक. गरगरलं म्हणजे भूकंप.

गरगरण्याला आणखी एक कारण असतं. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा आहे. मोठ्या भूकंपानंतर काही लोकांना जमीन स्थिर असतानाही झुलल्यासारखं वाटत राहतं. बोटीतून उतरल्यावर वाटतं तसं. जपानी भाषेत याला वेगळा शब्दच आहे, ‘जिशिन-योई’. २०११ च्या मोठ्या भूकंपानंतर तिथल्या डॉक्टरांनी याचा अभ्यासही केला. तेव्हा कुणाच्या आजीला खाट हलल्यासारखी वाटत असेल तर त्या नाटक करत नाहीत, आणि वेड्याही झालेल्या नाहीत.

‘पाय जमिनीला टेकवा’

आता आमच्या स्वतःच्या चुकीकडे येतो. पुढचं उदाहरण कुणा एका व्यक्तीचं नाही, अनेक जणांच्या बोलण्यातून मिळून झालेलं आहे.

समुपदेशनाच्या प्रशिक्षणात एक तंत्र सगळ्यांना शिकवतात. माणूस घाबरला असेल तर त्याला म्हणायचं, दोन्ही पाय जमिनीला टेकवा, खाली जमीन आहे, ती तुम्हाला धरून आहे, ते जाणवू द्या. जगभर हे वापरतात आणि बऱ्याच जणांना उपयोग होतो. आम्हीही तेच केलं. समोर चाळिशीतल्या एक बाई.

‘मावशी, दोन्ही पाय जमिनीला टेकवा. जमिनीचा आधार जाणवतोय?’

त्या आमच्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, ‘सर, जमिनीचाच तर भरवसा राहिला नाही.’

पुस्तक तिथेच मिटलं. ज्या माणसाची भीती जमिनीची आहे, त्याला आपण जमिनीचा आधार घ्यायला सांगत होतो. भिंतीला टेका म्हणावं, तर भिंतीचीही भीती. मराठवाड्यात किल्लारी कोण विसरलंय? ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आधी, गणपती विसर्जनानंतरची रात्र. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. घरात ती आठवण सांगणारं कुणी असेल, तर पुढच्या पिढीचं अंगही भिंतीकडे संशयानंच बघतं.

मग आधार कशाचा घ्यायचा? त्या बाईंच्या उत्तरानं आम्हाला शिकवलं की आधार आम्ही ठरवायचा नसतो, त्यांनाच विचारायचा. ‘मावशी, आत्ता अंगात अशी कुठली जागा आहे जिथे जरा तरी बरं वाटतंय?’ थोडा वेळ गेला. ‘हात. हात गरम हायेत.’ काम हातापासून सुरू झालं. तळहात एकमेकांवर घासायचे, मुठी पाच सेकंद घट्ट आवळायच्या, मग सावकाश सोडायच्या. आवळलेलं कसं लागतं, सोडलेलं कसं लागतं, फरक बघायचा. शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी १९२० च्या दशकात स्नायू शिथिल करण्याची जी पद्धत मांडली, तिचं मूळ हेच : ताण आणि सैल यांतला फरक अंगाला शिकवणं.

शरीराची जाण म्हणजे एवढंच. डोळे मिटून ध्यानात बसणं म्हणजेच जाण, असं नाही. आत्ता माझ्या अंगात काय चाललंय, कुठे चाललंय, ते वाढतंय की उतरतंय, हे घाबरून न जाता ओळखता येणं. धडधडीला ‘मेलो’ म्हणण्याऐवजी ‘धडधड होतेय, दहापैकी सहा आहे, मघाशी आठ होती’ असं म्हणता येणं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण आठाचे सहा झालेले ज्याला स्वतःला कळले, त्याला पहिल्यांदाच कळतं की ही लाट उतरतेसुद्धा.

खरा धक्का की अंगातला?

आपल्या औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया ही वेधशाळा होते आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि मोजायची ती विश्वातून येणारी अतिसूक्ष्म थरथर. या यंत्रांची मोठी अडचण अशी की त्यांना सगळंच जाणवतं : भूकंप, वारा, दूरची वाहतूक. म्हणून शास्त्रज्ञ जमिनीचं कंपन मोजणारी वेगळी उपकरणं बाजूला लावतात. दोन्ही नोंदी ताडून बघतात आणि मग ठरवतात, हा खरा संदेश की नुसती खळखळ.

घाबरलेलं शरीर हे असंच फार संवेदनशील यंत्र झालेलं असतं. ते बंद पाडायचं नाही, ते आपल्याला वाचवणारं आहे. त्याच्या शेजारी दुसरी नोंद ठेवायची. साधा उपाय सांगतो. खाटेजवळ तांब्यात नाहीतर काचेच्या ग्लासात पाणी भरून ठेवा. किंवा छताला लोंबणारा दिवा असेल तर तो. हललं असं वाटलं की आधी पाण्याकडे बघा. पाणी हलत असेल तर जमीन हलतेय, उठा आणि ठरवलेलं करा. पाणी स्थिर असेल तर स्वतःला सांगा, हे अंगातलं हलणं आहे, उतरेल. रोज रात्री हा ताळा केला की अंग हळूहळू फरक शिकतं. फक्त एक पथ्य : दिवसभर ग्लासाकडे बघत बसायचं नाही. तसं केलं तर तोच नवा आजार होतो.

तुर्कस्तानातली हलणारी खोली

आता थोडं लांब जाऊ. १७ ऑगस्ट १९९९ ला तुर्कस्तानच्या मारमारा भागात मोठा भूकंप झाला. सतरा हजारांहून जास्त माणसं गेली. त्यानंतर मेतिन बाशोलू आणि एब्रू शाल्जीओलू या संशोधकांनी तिथल्या लोकांवर उपचाराची एक पद्धत तयार केली. त्यांनी एक छोटं घर बनवलं, हलवता येणारं. आत टेबल, खुर्च्या, भांडी. माणूस आत बसणार आणि घर भूकंपासारखं हलणार. पण हलणं किती, सुरू कधी, थांबवायचं कधी, हे त्याच माणसाच्या हातात.

भूकंपात माणसाच्या हातात काहीच नसतं, इथे बटण त्याच्या हातात होतं. उपचाराचं सगळं मर्म या बटणात आहे. त्यांनी लोकांना ‘भूकंप येणार नाही’ असं खोटं सांगितलं नाही. त्यांचं ध्येय होतं की भीती अंगात असतानाही मला तिच्यावर ताबा आहे, हे माणसाला कळावं. अनेकांना एकाच सत्राचाही चांगला फायदा झाला. पॅनिकच्या उपचारातही थेरपिस्ट असंच करतात. पेशंटला मुद्दाम जागच्या जागी पळायला लावतात, खुर्चीत गोल फिरवतात. धडधड आणि गरगर मुद्दाम आणायची, आणि त्यात काही वाईट होत नाही हे अंगाला दाखवायचं. या पद्धतीला संशोधनाचा भक्कम आधार आहे.

आपल्याकडे हलणारी खोली नाही. पण तिचं तत्त्व वापरता येतं. मार्चच्या धक्क्यानंतर प्रशासनानं आवाहन केलं होतं की पत्र्यांवर ठेवलेले जड दगड काढून घ्या. आम्ही म्हणतो, हा सुरक्षेचा उपाय तर आहेच, पण भीतीवरचाही आहे. स्वतः शिडी लावून, दुसऱ्याला हाताशी धरून, जपून तो दगड खाली उतरवणाऱ्या माणसाच्या अंगाला एक गोष्ट कळते : मी काहीतरी करू शकतो. मग घर कसलं आहे ते बघून, प्रशासनाच्या सूचनांप्रमाणे सुरक्षित जागा ठरवा, आणि सगळ्यांनी मिळून तिथपर्यंत जायचा सराव करा. दिवसा दोनदा, अंधारात एकदा. भीती थिजवते. सराव झालेल्या पायांना मात्र कुठे जायचं ते माहीत असतं.

मग नाच, चालणं, वारी?

हालचालीचा वापर इथेच थांबत नाही. १९४२ मध्ये वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयात मॅरियन चेस या नर्तिकेनं मनोरुग्णांबरोबर नाचायला सुरुवात केली. जी माणसं बोलत नव्हती, ती लयीला प्रतिसाद देत होती. त्यातून डान्स मूव्हमेंट थेरपी ही शाखा उभी राहिली. आपल्या देशात कोलकाता संवेद ही संस्था तस्करीतून सुटलेल्या मुलींबरोबर हे काम करते. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं त्यांच्याबरोबर या विषयाचा पदविका अभ्यासक्रमही सुरू केला.

नैराश्यासाठी व्यायामाचं बळ किती, यावर २०२४ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात २१८ चाचण्यांचा, चौदा हजारांवर लोकांचा एकत्रित आढावा आला. चालणं-धावणं, योग, ताकदीचे व्यायाम आणि नाच यांचा चांगला परिणाम दिसला. मात्र बऱ्याच चाचण्यांचा दर्जा कमी आहे, हेही लेखकांनी तिथेच सांगितलं.

इथे गावात हमखास एक प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. ‘आम्ही दिवसभर हळद काढतो, सोयाबीन कापतो, ओझी उचलतो. आम्हाला कसला व्यायाम सांगता?’ उत्तर असं की कामाची हालचाल आणि स्वतःच्या मर्जीची हालचाल यांचा मनावर सारखा परिणाम होत नाही. अभ्यासांतही मोकळ्या वेळातल्या हालचालीचा फायदा दिसतो, राबण्याचा तसा दिसत नाही. कर्जाची चिंता डोक्यात घेऊन वाकलेल्या पाठीला अजून वाकायला सांगणं म्हणजे उपचार नव्हे. तिला हवी असते अशी हालचाल जिच्यावर कुणाचा हुकूम नाही, आणि जिच्यात सोबत आहे.

ती आपल्याकडे आहे. नरसी हे नामदेवांचं गाव मानतात. इथल्या माणसाला टाळ-मृदंगाच्या ठेक्यावरची पावली आणि फुगडी शिकवावी लागत नाही. वारीला आम्ही थेरपी म्हणणार नाही, ती भक्ती आहे, तिचा हेतू वेगळा आहे. पण एका लयीत पाय टाकणं, शेजारच्याशी श्वास जुळणं, हे ज्या अंगाला ठाऊक आहे, त्याच्यासाठी व्यायामाचं परकं नाव कशाला? संध्याकाळी चौघींनी मिळून वेशीपर्यंत चालून यावं. चालताना पाच मिनिटं फक्त पावलांकडे लक्ष द्यावं. एवढ्यावरूनही सुरुवात होते.

कुठे जपायचं

काही गोष्टी ठामपणे सांगायला हव्यात.

पहिली, छातीत दुखलं, घाम सुटला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, तर ‘भीतीची लाट आहे’ म्हणून बसू नका. आधी दवाखाना. शरीराची जाण वाढवणं म्हणजे शरीराच्या तक्रारी मनावर ढकलणं नव्हे.

दुसरी, ज्यांच्यावर अत्याचार झाला आहे, त्यांना स्वतःच्या अंगाकडे लक्ष द्यायला लावलं की त्रास वाढूही शकतो. त्यांच्यासाठी अंग हीच धोक्याची जागा झालेली असते. तिथे घाई नको. डोळे मिटायची सक्ती नको. परवानगीशिवाय स्पर्श तर मुळीच नको. कुणी उपचारक ‘मोकळं करतो’ म्हणून तुमच्या मर्जीविना अंगाला हात लावत असेल, तर उठून यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

तिसरी, शरीरावरच्या सगळ्याच उपचारांना सारखा पुरावा नाही. पॅनिकमध्ये आणि भूकंपाच्या भीतीत ताबा शिकवणाऱ्या पद्धतींचा पुरावा चांगला आहे, इतर कित्येक पद्धतींचा अजून जमतो आहे. ‘एका सत्रात आयुष्यभराची भीती काढतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा. आणि चालू असलेल्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

चौथी, झोप उडाली आहे, जेवण जात नाही, जगण्यात राम वाटत नाही, असं दोन आठवडे राहिलं तर बोला. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नका. सरकारची टेली-मानस ही फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६. मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं.

शेवटी पुन्हा त्या मावशींकडे येतो. काही आठवड्यांनी आम्ही विचारलं, ‘आता जमिनीचा भरवसा वाटतो का?’ त्या म्हणाल्या, ‘जमिनीचं जमीन बघंल. माझ्या पायाचा भरवसा आलाय.’

आमच्या मते उपचाराचं काम इथपर्यंतच आहे. जमीन थांबवणं कुणाच्या हातात नाही. अंगाला मात्र शिकवता येतं : कधी उठायचं, कुठे जायचं, आणि पाणी स्थिर असेल तर पुन्हा खाटेवर कसं पडायचं.